सगळं बंद पडलं तर: खान्देशातल्या ज्येष्ठांनी आधीच करून ठेवायची तयारी

मे महिन्यातल्या एका वादळाने आमच्या भागातले विजेचे खांब आडवे केले. दुपारी दीडला गेलेली लाईट दुसऱ्या दिवशी सकाळी आली. संध्याकाळपर्यंत मोबाइलची रेंजही गेली, कारण टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या. दिवेलागणीला शेजारच्या जिजी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. हातात बंद पडलेला मोबाइल. म्हणाल्या, "नंबर यामाच शे ना माय, माले तोंडपाठ नई." गल्लीत दुसऱ्या कुणाकडेही त्यांच्या मुलाचा नंबर नव्हता. तिकडे तो रात्रभर फोन लावत बसला, इकडे जिजी रात्रभर जाग्या.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली. ट्रंक बोर्डावर बसायचे तेव्हा शेकड्याने नंबर पाठ असायचे. त्या रात्री मी स्वतःला विचारलं तर आज तीनच आठवले. आपल्या वयाच्या माणसांचे नंबर, पैसे, औषधाची चिठ्ठी, पेन्शन, गॅसचं बुकिंग, नातवंडांचे फोटो, सगळं एकाच खुंटीला टांगलेलं आहे. ती खुंटी निखळली तर काय करायचं, ते घरोघरी बसून ठरवावं म्हणून हे लिहिते आहे.

असं खरंच होतं का?

३१ डिसेंबर १९९९, शुक्रवार. त्या रात्री आम्हाला एक्स्चेंजमध्ये थांबवून घेतलं होतं. जुन्या संगणकांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले असत, त्यामुळे २००० साल उजाडताच यंत्रं त्याला १९०० समजतील अशी धास्ती होती. बारा वाजून गेले, घंटी वाजली, लाईन चालू. नंतर बरेच जण म्हणाले, उगाच बाऊ केला होता. तसं नव्हतं. जगभर माणसांनी आधी वर्षानुवर्षं बसून त्या चुका शोधून दुरुस्त केल्या होत्या, म्हणून ती रात्र शांत गेली.

त्यानंतर मात्र बंद पडण्याचे प्रसंग आलेच. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारताची वीज कोसळली. साठ कोटींहून जास्त लोक राहतात तेवढा मुलूख अंधारात गेला. आपला पश्चिम विभाग तेव्हा वाचला. ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सॲप आणि फेसबुक सहा तासांच्या आसपास बंद होतं. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा प्रोग्रामच्या सदोष अपडेटमुळे जगातले सुमारे ८५ लाख संगणक अडकले आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस एका सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबवावे लागले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या, म्हणजे आपल्यासारख्यांची खाती असतात तशाच. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय कित्येक तास अडखळलं. आणि २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालसारख्या संपन्न देशांत भर दुपारी वीज गेली, ती बऱ्याच ठिकाणी रात्री उशिरा आली. तिथे लोक दुकानांत सेलवर चालणारे रेडिओ शोधत होते.

आमच्याकडे काही जण म्हणतात, दीपनगरचं वीज केंद्र भुसावळजवळच आहे, आपल्याला काय चिंता. पण तिथली वीज थेट आपल्या घरात येत नाही, ती आधी राज्याच्या जाळ्यात जाते. सगळं जाळं बसलं तर औष्णिक संच पुन्हा पेटवायलाही बाहेरून वीज लागते आणि त्याला तास लागतात. जलविद्युत केंद्रं आधी उठतात, मग बाकीची.

एक गोष्ट दुसरीला ओढते, हे ध्यानात ठेवा. लाईट गेली की काही तासांत टॉवर जातो. टॉवर गेला की यूपीआय जातं. पाण्याची मोटर, पिठाची गिरणी, एटीएम, पेट्रोल पंप हे सगळं एकाच दोरीला आहे. म्हणून तयारी तीन दिवसांची धरा. एकटे राहत असाल किंवा गाव आडबाजूला असेल तर आठवड्याची.

पहिलं काम: वही

बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. शंभर पानी वही घ्या आणि काळ्या पेनाने, चष्म्याशिवाय वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत लिहा. एका पानावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त नको. दाराजवळच्या खिळ्याला दोरीने टांगा.

पहिल्या पानावर माणसं. मुलं-सुना, मुली-जावई, त्यांच्यापुढे त्यांच्या शेजाऱ्यांचा किंवा ऑफिसचा एकेक नंबर. मग हाकेच्या अंतरावरचे दोघे. मग जिल्ह्याबाहेरचा एक नातेवाईक, ज्याच्याकडे सगळे आपापली खबर देतील. इथलं नेटवर्क कोंडलं तरी सुरत किंवा नाशिकला एक फोन लागून जातो, आणि तिथून ती खबर सगळ्यांना कळते.

दुसऱ्या पानावर सरकारी क्रमांक: रुग्णवाहिका १०८, कुठलंही संकट ११२, विजेची तक्रार १९१२, ऑनलाइन फसवणूक १९३०, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

तिसऱ्या पानावर औषधं. नुसतं "बीपीची गोळी, पांढरी" असं लिहू नका. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, कशासाठी, कुठल्या डॉक्टरांनी दिली. रक्तगट, आणि कुठलं औषध सोसत नाही ते लाल पेनाने. मेडिकलवाल्याचा संगणक बंद असला तरी या पानावर त्याला गोळी देता येते.

चौथ्या पानावर खाती: विजेच्या बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, गॅसचा ग्राहक क्रमांक, पेन्शनचा पीपीओ क्रमांक, रेशन कार्डाचा नंबर, विम्याच्या पॉलिसीचा नंबर. पिन, पासवर्ड मात्र या वहीत कधीही लिहायचे नाहीत.

वहीसोबत एका प्लास्टिकच्या पिशवीत आधार, पॅन, रेशन कार्ड, पासबुकचं पहिलं पान आणि सातबारा यांच्या झेरॉक्स ठेवा. मोबाइलमधले कागद सोयीचे असतात, पण मोबाइल चार्ज असेल तोवरच.

आता पाठ करायची गोष्ट. तीन नंबर तोंडपाठ हवेतच. आम्हा ऑपरेटरांची रीत सांगते: दहा आकडे पाच-पाचच्या दोन तुकड्यांत तोडा आणि मोठ्याने म्हणत बोटाने दाबा. रोज संध्याकाळी मुलाला फोन लावताना नावावर टिचकी मारू नका, आकडे दाबून लावा. पंधरा दिवसांत बोटांनाच सवय होते. जिजींना बारा दिवस लागले.

फोन

कीपॅडचा साधा मोबाइल हजार-दोन हजारांत मिळतो आणि एकदा चार्ज केला की काही दिवस चालतो. त्यात आपल्या नेहमीच्या कंपनीपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम घाला. एका कंपनीचा टॉवर झोपला तरी दुसरीचा जागा असू शकतो. दर रविवारी तो फोन चार्ज करा आणि त्यावरून एक तरी कॉल करा. महिनोन् महिने रिचार्ज केलं नाही तर सिम बंद पडतं, आणि ते नेमकं गरजेच्या दिवशी कळतं.

लँडलाइनबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ती माझी नोकरी होती. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला घरात वीज लागत नसे. एक्स्चेंजमधल्या मोठ्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्टचा पुरवठा त्याच तारेतून घरापर्यंत यायचा, म्हणून गाव अंधारात असलं तरी फोन वाजायचा. आता बहुतेक ठिकाणी फायबर आलं. फायबरच्या काचेच्या धाग्यातून वीज येत नाही. तुमच्या घरातली ती लुकलुकणारी पेटी बंद पडली की फोनही मुका होतो. म्हणजे फायबरवाला लँडलाइन हवा असेल तर ती पेटी इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. वायरमनकडून अर्ध्या तासाचं काम आहे.

नेटवर्क कोंडलेलं असताना पुन्हा पुन्हा कॉल लावून बॅटरी संपवू नका. साधा एसएमएस पाठवा. जागा मिळेल तेव्हा तो आपोआप जातो. मजकूर छोटा: "मी घरी, बरी आहे, लाईट नाही, उद्या सकाळी आठला फोन चालू करेन." आणि घरच्यांशी आताच ठरवून ठेवा की अशा वेळी सकाळी आठ आणि रात्री आठ या वेळांना दहा-दहा मिनिटं फोन चालू ठेवायचा, एरवी बंद. एका चार्जिंगवर स्मार्टफोनही असा काही दिवस टिकतो. चोवीस तास काहीच खबर नाही आली तर कुणी निघायचं, तेही ठरवा. पुण्याचा मुलगा नव्हे, एरंडोलचा भाचा. जो मोटरसायकलवर तासाभरात पोहोचतो तो.

पूर्वी फोन बंद असला तर तार होती. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायची रीतही गेली. म्हणून निरोप्या माणूस आधीच ठरवलेला बरा. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. कुठल्या टेकडीवर रेंज येते ते त्यांना पोरांसकट माहीत असतं. शहरातल्या लोकांनी तेवढीच सवय करायची आहे.

पैसा

देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात टेंभली गावी दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० रोजी. आज रेशन, पेन्शन, पैसे काढणं सगळं अंगठ्यावर आलं आहे. पण ज्यांनी जन्मभर कापूस वेचला, भांडी घासली, त्यांच्या बोटांच्या रेषाच झिजल्या आहेत. यंत्र चालू असतानाही त्यांचा अंगठा उमटत नाही. म्हणून अंगठ्याशिवायची वाट प्रत्येकाकडे हवी: आपल्या शाखेत पासबुक आणि पैसे काढायची स्लिप घेऊन सहीने पैसे काढता येतात, ती सवय सोडू नका. हात थरथरतो म्हणून सही बदलली असेल तर बँकेत जाऊन नवी सही नोंदवून घ्या. शांत दिवशी हे दहा मिनिटांत होतं.

घरात रोख किती? आठ-दहा दिवसांचा किराणा, दूध, भाजी, औषधं आणि एकदा दवाखान्यापर्यंतच्या रिक्षाचं भाडं, एवढीच. जास्त ठेवून चोराला आमंत्रण नको. मात्र नोटा शंभर, पन्नास, वीस, दहाच्या हव्यात. यूपीआय बंद असलेल्या दिवशी भाजीवालीकडे पाचशेचे सुटे नसतात. रक्कम दोन जागी ठेवा आणि जागा घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगा. उतारवयात आपणच ठेवलेलं आपल्याला सापडत नाही, असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

सगळी पुंजी एकाच बँकेत नको. एक खातं सहकारी बँकेत असेल तर दुसरं पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवा. महिन्याला एकदा पासबुक भरून आणा. खात्यात किती आहे याचा तुमच्या हातातला कागद तोच.

यूपीआयने पैसे पाठवताना चाक फिरत राहिलं आणि खात्यातून रक्कम गेली, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक वहीत लिहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार समोरच्याला न पोहोचलेली रक्कम व्यक्तीला पाठवली असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिली असेल तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. पुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे.

इंटरनेट नाही पण रेंज आहे, अशा वेळी *९९# डायल करून कीपॅड फोनवरूनही पैसे पाठवता येतात. आधी नातवाला शेजारी बसवून एकदा दहा रुपये पाठवून पाहा. बँकेचाच सर्व्हर बसला असेल तर मात्र तेही चालणार नाही.

हयातीच्या दाखल्याला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. तेव्हा गर्दीनेच सर्व्हर दमतो. पहिल्या आठवड्यात जा. चेहरा-अंगठा काहीच जुळलं नाही तर बँकेत कागदी दाखला भरून देता येतो.

औषधं आणि ऊन

सगळ्यात जिवावरचं हेच आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा दिवसात पंखा-कूलर बंद पडला तर तरुण माणूस कासावीस होतो, आपल्या वयात तर तहान लागल्याचंही लवकर कळत नाही.

रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्तीच्या ठेवा. नवं पाकीट आलं की ते मागे, जुनं पुढे. बीपीच्या, झटक्याच्या, हृदयाच्या काही गोळ्या एकदम बंद पडल्या तर जास्त त्रास होतो, म्हणून हा साठा चैनीचा नाही. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, किंवा हृदय-किडनीमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर उन्हाळ्यात किती प्यायचं ते मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून वहीत लिहा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत हवी. वापरातली बाटली साधारण २५ ते ३० अंशांखाली चार आठवडे चालते. पण आपल्या घरात मे महिन्यात ३८-४० अंश असतं, म्हणजे "फ्रिजबाहेर चालतं" हे आपल्याला लागू नाही. बंद ठेवलेला फ्रिज चारेक तास गार राहतो, म्हणून दार उघडू नका. त्यापुढे मडक्याची युक्ती. एक मोठं भाजलेल्या मातीचं, झिलई नसलेलं मडकं, त्यात तसंच एक लहान, दोघांच्या मधल्या फटीत ओली वाळू. बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून ती लहान मडक्यात ठेवा. वरून ओलं सुती फडकं. मडकं वाऱ्याच्या पण सावलीच्या जागी, आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. आपल्या कोरड्या उन्हात हे छान गार राहतं. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा तेवढा उपयोग होत नाही. इन्सुलिन बर्फाला चिकटवू नका. गोठलेलं वाया जातं. एरवी पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं किंवा गुठळ्या दिसल्या तर टाकून द्या.

ऑक्सिजनचं यंत्र घरी असेल तर ते साधारण ३०० ते ४०० वॉट खातं, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरवर तीन-चार तासच. भरलेला सिलिंडर शेजारी उभा हवा आणि त्याची चावी फिरवता येणारा माणूस घरात हवा. नेब्युलायझर वापरणाऱ्यांनी तोंडाने ओढायचा विनाविजेचा पंप (इनहेलर) आणि त्याची नळी (स्पेसर) डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

पंखा नसलेला दिवस काढायची रीत आपल्या आयांना माहीत होती. सकाळी आठनंतर उन्हाच्या बाजूच्या खिडक्या बंद, पडदे ओले. जमिनीवर पाणी शिंपडून खालीच बसायचं. जुनं सुती लुगडं भिजवून, पिळून खांद्यावर. दर तासाला थोडं-थोडं: कैरीचं पन्हं, ताक, माठातलं पाणी. जुलाब-उलटी झाली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. स्लॅबच्या घराचा वरचा मजला दुपारी भट्टी होतो. गावात कुणाचं धाब्याचं घर असेल तर अकरा ते पाच तिथे जाऊन बसा. मातीचं ते छत जे गार ठेवतं, ते आपल्या लाख रुपयांच्या बांधकामाला जमलेलं नाही.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापलं तर ती नुसती दमणूक नाही, उष्माघात आहे. सावलीत आडवं करा, ओल्या चादरीत गुंडाळा, काखेत आणि जांघेत गार फडकी ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

इन्व्हर्टर, सोलर आणि रात्रीचा उजेड

१५० अँपिअर-अवरची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. जुनी झाली की प्रत्यक्षात बाराशेच्या आसपास धरा. दोन जुने पंखे आणि तीन एलईडी दिवे मिळून पावणेदोनशे वॉट, म्हणजे सहा-सात तास. लाईट जाताच टीव्ही आणि एक पंखा बंद केला तर रात्र निभते. पंखा बदलायची वेळ आली तर तीसेक वॉट खाणारा नवा पंखा घ्या. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर उन्हाळ्यात महिन्याला तपासा.

छतावर सोलर बसवलेल्यांचा एक गैरसमज मला फार काळजीत टाकतो. त्यांना वाटतं, आपल्याकडे वीज जाणारच नाही. साधा, ग्रीडला म्हणजे बाहेरच्या विजेच्या जाळ्याला जोडलेला सोलर लाईट गेल्याबरोबर आपणहून बंद होतो, मग वर कितीही ऊन असो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. बॅटरी आणि त्यासाठीचा वेगळा इन्व्हर्टर असेल तरच तो लाईट गेल्यावर चालतो. बसवणाऱ्याला आजच विचारा. उलट शेतातला सौर कृषिपंप ग्रीडला न जोडलेला असेल, तर ऊन आहे तोवर पाणी देतो. गावात असा पंप कुणाच्या शिवारात आहे, ते वहीत लिहून ठेवा.

रात्री मेणबत्ती नको. पातळाचा पदर आणि ज्योत यांची भेट फार वाईट. उशीखाली सेलचा टॉर्च, आणि खाटेपासून मोरीपर्यंतच्या वाटेत पाट, बादली, चप्पल काही नको. अंधारात पडून खुब्याचं हाड मोडलं तर लाईट आल्यावरही ते दुखणं संपत नाही.

पीठ, पाणी, चूल

गिरणी विजेवर चालते हे आपण विसरतो. पोतंभर ज्वारी घरात असून भाकरी नाही, अशी वेळ येते. आठवड्याचं दळण नेहमी पुढे असू द्या. बाजरीचं पीठ मात्र आठवड्यातच कडू होतं, साठवायचं तर ज्वारी, गहू किंवा कळण्याचं. मिक्सर बंद असला की मसाला अडतो, म्हणून शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी बरणीत हवी. पाटा-वरवंटा विकून टाकला नसेल तर फारच उत्तम. शेव आणि काळा मसाला असला की भाजीवाचून शेवभाजी होते. बिबडे, कुरडया, मुरमुरे, गूळ-शेंगदाणे, रावेर-यावलची केळी: हे तर आपल्याकडे असतंच. दात नसणाऱ्यांसाठी भगर आणि मऊ खिचडीची डाळ-तांदूळ वेगळी.

गॅसची दुसरी टाकी भरलेली ठेवा आणि काडेपेटी डब्यात कोरडी. शेगडी बटणाने पेटत नसेल तर काडीने पेटते, पण काडी हवी. चूल किंवा कोळशाची शेगडी लावली तर उघड्यावर. बंद खोलीतला धूर झोपेत जीव घेतो.

पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर धरा, वापरायचं वेगळं. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरांना साठवण शिकवायला नको. पण आरओ यंत्र बंद पडलं की गाळायचं कसं? दुहेरी सुती फडकं, मग उकळणं किंवा क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. जवळचा हापसा चालतो का, एकदा जाऊन हापसून पाहा.

खबर, अफवा आणि लुटारू

सेलवर चालणारा रेडिओ घ्या. जळगाव आकाशवाणी तुमच्या घरात नेमकी कुठे लागते, काटा कुठे आणि एरियल कुणीकडे, हे सगळं सुरळीत असताना शोधून त्या जागी रंगाचा ठिपका द्या. अंधारात तो ठिपका कामी येतो. सरकारचा इशारा मोबाइलवर मोठ्या आवाजासकटही येतो. २०२३ मध्ये त्याची चाचणी झाली तेव्हा कितीतरी आजी-आजोबा दचकले होते. तो नुसता वाचायचा असतो. त्यात कुणी ओटीपी मागत नाही.

गोंधळाच्या दिवशी लुटारू जागे असतात. "आज रात्री तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा", "बँकेचा सर्व्हर नवा झाला, केवायसी करा", "तुमचे अडकलेले पैसे परत देतो, पिन टाका." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. लाईट बिलाची चौकशी वहीतल्या १९१२ वर करा, आलेल्या नंबरवर नाही. घरात एक खुणेचा शब्द ठरवा. "आजी, मी अडचणीत आहे" असा फोन आला, आवाज हुबेहूब नातवाचा असला, तरी आधी तो शब्द विचारायचा. आता आवाजाची नक्कल यंत्रं करतात. आमच्या घरातला शब्द आमच्या जुन्या गाईचं नाव आहे. फसवणूक झालीच तर लाजू नका, पहिल्या तासात १९३० ला कळवा. जितकं लवकर कळवाल तितके पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

सराव

डिसेंबर-जानेवारीतला एक रविवार निवडा आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत मेन स्विच बंद, मोबाइल कपाटात. औषधाचं किंवा ऑक्सिजनचं यंत्र लागत असेल तर त्याला या सरावातून वगळा. घरातल्या पोरांना बरोबर घ्या. काय काय अडलं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. दुसरा सराव होळीच्या आसपास, ऊन चढायच्या आत.

आमच्या गल्लीत चार घरांनी मिळून हे केलं. एका घरात टॉर्च होता, सेल नव्हते. एका घरात सेल होते, ते आतून गळून गंजलेले. जिभाऊंच्या घरी मोटर नाही म्हणून हौदातलं पाणी काढायला दोरी शोधली, तर ती गोठ्यात बांधलेली. आणि जिजींच्या घरी सगळं होतं: पीठ, पन्हं, सुटे पैसे, मुलाचा नंबर तोंडपाठ. फक्त दाराजवळचा खिळा मुलाने त्याच्या उंचीने ठोकला होता. वहीपर्यंत जिजींचा हात पोहोचेना. संध्याकाळी तो काढून आम्ही खाली, त्या खाटेवर बसल्या बसल्या हात लागेल एवढ्या उंचीवर ठोकला.